कोरड्या लाकडाला वास नसतो

पार्सन हिल, व्हरमाँट
१२ ऑगस्ट १९९१

प्रिय लोई,

शेगडी गेली. म्हणजे आहे जागेवरच, पण मागच्या बाजूला बिडाला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय. आत बॅटरी धरली की बाहेर उजेड दिसतो. ऑल्डन असता तर म्हणाला असता, “एकोणीस हिवाळे ओढले बिचारीने, आता तिला जाऊ दे.”

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि चौथ्या मिनिटाला तू रडतेस. कागदावर तुला मला मधेच तोडता येत नाही.

आणि हो, मार्चमध्ये तुला दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे. आठवण करून देऊ नकोस. आणखी एक हिवाळा मी इथे एकटी काढून बघणार, आणि काही बिनसलं तर घर विकून तुझ्याकडे स्प्रिंगफील्डला येणार. तडा म्हणजे बिनसणं नव्हे. बीड आहे, थकलं.

काल लव्हॉयच्या दुकानात जाऊन आले. आता नुसत्या डब्यासारख्या शेगड्या विकायला बंदी आहे म्हणे, धूर कमी करणारीच घ्यावी लागते. त्यात दोन जाती. एक कॅटॅलिटिक. तिच्या डोक्यात चिनी मातीचं एक पोळं बसवलेलं असतं, अगदी मधमाश्यांच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं. विस्तव चांगला तापला की एक झडप लावायची, मग धूर त्या पोळ्यातून जातो आणि तिथे धूरच जळतो. धूर जळतो, लोई! आपण जन्मभर तो धुराड्यातून फुकट घालवला. एकदा पोटभर लाकूड घातलं की बारा तास बघायला नको. पण तिचे नखरे फार. दार उघडण्याआधी झडप उघडायलाच हवी, लाकूड खडखडीत वाळलेलं हवं, रंगीत कागद किंवा रंगवलेली फळी चुकूनही घालायची नाही.

दुसरीला पोळं नाही. वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या नळ्या, त्यांतून गरम हवा येते आणि ज्वाळा छताला लागून नाचतात. साधी, सरळ. पण सहा तासांत निखारे. म्हणजे रात्रीतून एकदा हे गुडघे घेऊन जिना उतरायचा.

तुला काय वाटतं? ऑगस्टमध्ये कुणी शेगडीची काळजी करतं का, पण मला एका जागी बसवत नाही. काल तीनदा लाकडाची पडवी झाडली. तिथे झाडायला काही नव्हतं.

तुझी,
हेट्टी

*

स्प्रिंगफील्ड
१६ ऑगस्ट

प्रिय हेट्टी,

मला काय वाटतं ते तुला माहीत आहे. मला वाटतं, दोन्ही नकोत. माझ्याकडे भिंतीवर एक बटण आहे, ते फिरवलं की घर गरम होतं. त्या बटणाला लाकूड वाळलेलं लागत नाही.

पण तू ऐकणार नाहीस, म्हणून शाळेतल्या आमच्या शिपायाला विचारलं. त्याचं गाव तुमच्याच बाजूचं. तो म्हणाला, “बाई एकट्या असतील तर पोळंवाली घ्या. पहाटे जिन्यावर पडण्यापेक्षा झडप सांभाळणं बरं.” म्हणून माझं मत पोळंवालीला. तू आधीच एकदा पडली आहेस. टपालपेटीजवळच्या बर्फावर तू उताणी पडलेलीस आणि म्हणे वीस मिनिटं कुणाला पत्ता नाही, हे डोळ्यांपुढून जात नाही माझ्या. तू म्हणतेस टेंगूळ आलं होतं. टेंगळाला डॉक्टर तीन दिवस ठेवून घेत नाहीत.

आता एक विचारू? रागावू नकोस. जुलैत मी आले होते तेव्हा तू कॉफीत नासकं दूध घातलंस. माझ्या कपात गुठळ्या तरंगत होत्या, आणि तू तुझी शांतपणे पीत होतीस. दुसऱ्या दिवशी घेवडा करपला. तू पातेल्याशेजारी उभी होतीस, माझ्याशी बोलत होतीस, आणि मी अंगणातून धावत आले. तू म्हणालीस, “लक्ष नव्हतं.” तुझं? पाच मैलांवर कुणी पाव भाजला तर बाबांना सांगणारी तू!

सगळं ठीक आहे ना?

लोई

*

पार्सन हिल
२७ ऑगस्ट

प्रिय लोई,

सगळं ठीक आहे. माणसाचा घेवडा करपू शकतो. तू लग्नात केक करपवला होतास, तेव्हा मी तुला डॉक्टरकडे नेलं नव्हतं.

पोळंवालीच घेतली. लव्हॉय वीस सप्टेंबरला बसवून देणार. मला म्हणाला, “कोल्बीबाई, हिला लाकूड मात्र पारखून घ्या. ओलं घातलंत तर पोळं तापणारच नाही, काजळी धरेल.” मी म्हटलं, “लाकूड पारखायला तू मला शिकवणार?” दुकानातले दोघंतिघं हसले. त्याला माहीत नव्हतं, तो कॅनडाच्या बाजूचा.

दर वर्षीप्रमाणे लोक आलेच. डेल्बर्ट पिकेटने या वर्षी ओक आणलाय. ओंडके कुणाच्या तरी रानात दोन वर्षं पडून होते, या उन्हाळ्यात त्याने ते फोडले. शनिवारी गाडी अंगणात लावून म्हणाला, “दोन वर्षं पडलेलं आहे एवढंच मी सांगतो. वाळलंय की नाही ते तुमच्या नाकाने सांगावं.” शेजारून म्हातारे फिच आले होते, आणि नव्या पाद्र्यांची बायको, मिसेस थेअर, बाळाला कडेवर घेऊन. ती बिचारी शहरातली. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघत होती. फिच तिला म्हणाले, “ठोकून बघतात ते शहरातले. इथे हेट्टी आहे.”

मी एक ढलपी फोडून घेतली. बाबा घ्यायचे तशी, ताजी फोडलेली बाजू नाकाला लावून, डोळे मिटून. सगळे गप्प. मग म्हटलं, “वाळलंय.”

सहा गाड्या मी घेतल्या, चार फिचनी, चार पाद्र्यांच्या घरी गेल्या.

झालं की नाही काम? तरी माझं मन थाऱ्यावर नाही. आज सकाळपासून तीनदा पडवीत जाऊन रास बघून आले. रास कुठे पळून जाते का?

हेट्टी

*

स्प्रिंगफील्ड
१ सप्टेंबर

हेट्टी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू दूध टाळलंस. करपलेल्या घेवड्याचं उत्तर दिलंस, दुधाचं नाही.

मी सरळच लिहिते. माझ्या सासूचं असंच सुरू झालं होतं. आधी दूध, मग गॅसवर ठेवलेली किटली, मग एक दिवस ती झग्यातच बस थांब्यावर उभी. आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं, लक्ष नसतं. तिचा सख्खा मुलगा असून रे तर शेवटपर्यंत तेच म्हणत होता. (रे फ्लोरिडाला निघून गेला तेव्हाही मी म्हणत होते की येईल परत. आमच्या घरात सगळ्यांनाच न बघायची सवय.)

आणि तू नेमकी अशी शेगडी घेतलीस जिला आठवण लागते. आधी झडप, मग दार. त्यात मीच तिची शिफारस केली! कृपा करून मला उलट टपाली तीन गोष्टी लिहून पाठव: शेगडी कधी आणि कशी पेटवायची, झडप केव्हा लावायची, केव्हा उघडायची. पुस्तिका न बघता. आणि डॉक्टर नॉर्क्रॉसना मी फोन केला तर चालेल का, ते लिही.

तुझ्यावर माया आहे म्हणून.

लोई

*

पार्सन हिल
५ सप्टेंबर

लोइस,

झडप उघडी ठेवून काटक्यांनी पेटवायची. उष्णतेचा काटा पाचशेच्या वर गेला की झडप लावायची. दार उघडण्याआधी झडप उघडायची, मिनिटभर थांबायचं, मग दार आधी इंचभर, मग पूर्ण. पोळं वर्षातून एकदोनदा काढून मऊ ब्रशने झाडायचं. पाण्याने धुवायचं नाही.

आज गुरुवार आहे. आपल्या आईचं माहेरचं नाव बक्स्टन. सात नवे त्रेसष्ट.

डॉक्टरांना फोन करायचा नाही.

हेस्टर कोल्बी

*

स्प्रिंगफील्ड
२९ सप्टेंबर

प्रिय हेट्टी,

तीन आठवडे झाले. मी चुकले असेन. तुझ्या पूर्ण नावाने सही केलेलं पत्र मी स्वयंपाकघरात उलटं करून ठेवलंय, तरी येता-जाता दिसतं.

इथे थंडी सुरू झाली. तिथे जास्तच असेल. शेगडी आली का? एवढंच लिही, आली की नाही.

लोई

*

पार्सन हिल
८ ऑक्टोबर

लोई,

शेगडी आली. वीस तारखेलाच आली आणि तेव्हापासून एक दिवस नीट जळलेली नाही.

काटा तीनशेच्या वर चढत नाही. लाकूड आत पडून फुसफुसतं, टोकांना फेस येतो, काच दुपारपर्यंत काळी. पोळं तापतच नाही, मग झडप लावली की सगळं घुसमटतं. पंधरा दिवस मी त्या शेगडीभोवती फिरतेय. खुर्ची ओढते, बसते, उठते, झडप बघते, पुस्तिका उघडते. तुझी परीक्षा मी उत्तीर्ण झाले, पण शेगडीने मला नापास केलं.

काल लव्हॉयला बोलावलं. त्याला झापायचंच ठरवलं होतं. तो वाकला, आत बघितलं. पडवीत जाऊन एक ओंडकी आणली, माझ्यासमोर फोडली, स्वतःच्या नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून मला दिली.

“वास घ्या.”

मी घेतला.

“काय येतंय?”

“काही नाही,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. “कोल्बीबाई, हे व्हिनेगरच्या बरणीसारखं घमघमतंय. माझ्या डोळ्यांना झोंबतंय.”

लोई, माझं नाक गेलंय. फेब्रुवारीत, त्या बर्फावर. डोकं मागून आपटलं तेव्हा नाकामागचे बारीक तंतू तुटले, असं नॉर्क्रॉस म्हणतात. एप्रिलमध्ये त्यांनी मला बाटल्या हुंगायला दिल्या. लवंग, रॉकेल, कॉफी. सगळ्यांत नुसती हवा. वर्षभरात परत आलं तर आलं म्हणाले. तुझी सासू विसरत होती. मी काही विसरत नाही. मला सगळं आठवतं, कोणत्या गोष्टीला कसला वास यायचा तेसुद्धा, आणि तोच त्रास आहे. ऑल्डनचा कोट दाराआड टांगलेला आहे. तो गेल्यापासून चार वर्षं मी जाता-येता त्यात तोंड घालायचे. आता तो नुसता कोट आहे.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, “बिनसलं.” धूर कळत नाही, गॅस कळत नाही, अशा बाईने टेकडीवर एकटं राहायचं? तू म्हणाली असतीस आणि तुझं बरोबर असतं.

पण डेल्बर्टच्या गाडीपाशी मी खोटं बोलले नाही. निदान तेव्हा तरी मला तसं वाटलं. बाबा काय सांगायचे? ओल्या ओकला आंबूस वास, ओल्या बर्चला गोड वास, आणि कोरड्या लाकडाला वास नसतो. मी नाक लावलं, वास आला नाही, म्हणून ते कोरडं. फेब्रुवारीपासून मला जगातलं सगळं लाकूड कोरडं वाटतंय. आत कुठेतरी मला माहीत होतं. पण सगळे माझ्याकडे बघत गप्प उभे होते, लोई. साठ वर्षं ते लोक माझ्या नाहीतर बाबांच्या नाकाकडे बघत असेच गप्प उभे राहिलेत. माझ्याने “मला कळत नाही” म्हणवलं नाही.

सहा गाड्या माझ्या. पण चार फिचकडे आहेत, आणि त्यांची छाती कशी आहे ते तुला माहीत आहे. चार पाद्र्यांकडे, तिथे तान्हं बाळ आहे. काल संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून चालत गेले. धुराड्यातून पिवळा, जड धूर निघत होता आणि खाली लोळत होता. दारापर्यंत जाऊन मी परत आले.

हेट्टी

*

स्प्रिंगफील्ड
११ ऑक्टोबर

प्रिय हेट्टी,

पत्र वाचलं आणि आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

तू फेब्रुवारीपासून एकटीने हे सांभाळलंस आणि मी तुला झडपेवर प्रश्न विचारत बसले. नासकं दूध तुला दिसलं नाही, कारण तू कधी दूध बघतच नसायचीस. तू हुंगायचीस. एवढं मला कळू नये?

मी तुला काय करायचं ते सांगणार नाही. एकच सांगते, पाद्र्यांच्या दारापर्यंत परत जा, आणि या वेळी दार वाजव. माझं आणि तुझं नंतर बघू.

लोई

*

पार्सन हिल
२१ ऑक्टोबर

प्रिय लोई,

दार वाजवलं. घरी कुणी नव्हतं. सगळे चर्चच्या तळघरात होते, शनिवारचं चिकन-पाईचं गावजेवण. मला वाटलं होतं पाद्र्यांच्या बायकोला एकटीलाच सांगेन. देवाने म्हटलं असेल, साठ वर्षं गावासमोर नाक मिरवलंस, आता गावासमोरच सांग.

तळघर गच्च भरलेलं. मी कोट न काढताच टेबलांच्या मधे उभी राहिले आणि म्हटलं, “डेल्बर्टचं लाकूड ओलं आहे. ते कोरडं आहे असं मी सांगितलं. माझं नाक फेब्रुवारीत गेलंय आणि मी कुणाला बोलले नाही.”

चमचे थांबले. मग फिच, तोंडात घास असतानाच, “म्हणजे गेल्या रविवारी चर्चमध्ये तू माझ्या शेजारी बसलीस ती प्रेमाने नव्हे तर! मी बोकडाच्या गोठ्यातून थेट आलो होतो. मी म्हटलं, एवढ्या वर्षांनी बाई विरघळली.”

तळघर हसलं. मीही हसले. आणि वाटलं, चला, सुटले.

तेवढ्यात मिसेस थेअर उठल्या. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, आवाज मुळीच चढवला नाही. “आमच्या घरात तीन आठवडे धूर आहे,” त्या म्हणाल्या. “बाळ रात्रभर खोकतं. मला वाटत होतं मलाच पेटवता येत नाही. मी रोज रडत होते, मिसेस कोल्बी. मी ढलप्या ठोकून बघत होते तेव्हा त्या बद्द वाजल्या होत्या. मला कळलं होतं. पण सगळे म्हणाले, तुम्ही आहात.”

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, “तुमचं बरोबर होतं.”

डेल्बर्ट माझ्यामागोमाग बाहेर आला. त्याला मी चौथीत शिकवलंय, पण आता त्याच्या कानावर पांढरे केस आहेत. “मी वाळलंय असं म्हणालो नव्हतो हं,” तो म्हणाला. “मी म्हणालो, पडून होतं. वाळलंय ते तुम्ही म्हणालात.”

“माहीत आहे रे.”

“सालीसकट ओंडका दहा वर्षं पडला तरी आतून ओलाच. हे मलाही माहीत होतं,” तो म्हणाला. “पण तुम्ही म्हणालात, मग मी म्हटलं, मला काय कळतंय. च्यायला, मी वीस वर्षं लाकूड विकतोय.”

तर असं आहे, लोई. माझं एकटीचं नाक गेलं नव्हतं. माझ्या नाकापायी सगळ्या गावाने आपापली नाकं खुंटीला टांगली होती.

रविवारी माझ्याकडचं गेल्या वर्षीचं मेपल, दीड गाडी उरलेलं, डेल्बर्टने पाद्र्यांकडे नेऊन टाकलं. मिसेस थेअरनी दारातून “थँक यू” म्हटलं, आत बोलावलं नाही. डेल्बर्ट ओक परत घेतोय, दोन वर्षं रचून ठेवणार. बदल्यात ॲशचं लाकूड देतोय सगळ्यांना, ते तोडल्या वर्षीही जळतं.

लव्हॉय म्हणतो, “आता लाकूड सुधारलं, पोळं झाडून देतो, शेगडी बारा तास चालेल. वास कळत नाही तर छताला धुराची घंटा लावा.” घंटा दोन लावल्या. पण शेगडी बदलून मागितली. पोळंवालीत खरं काय चाललंय ते आत, झडपेमागे चालतं. पोळं कोंदलं तर पहिली खबर नाकाला लागते, आणि माझ्याकडे ती खबर घेणारं कुणी नाही. नळ्यांच्या शेगडीत ज्वाळा काचेतून दिसते. पिवळी आहे की लाल, नाचतेय की मरगळलीय, ते माझ्या डोळ्यांना कळतं. बारा तासांची झोप हवी होती मला. फार हवी होती. पण जे दिसतं तेवढ्यावरच आता मी भरवसा ठेवू शकते.

लव्हॉय कुरकुरला. वापरलेली शेगडी कोण घेणार म्हणाला. मग म्हणाला, आणतो.

पण ती लावायची की नाही ते तू ठरव. मी शब्द दिला होता. बिनसलं, आणि वर मी लपवलं. तू “ये” म्हणालीस तर घर विकायला काढीन. वाद घालणार नाही. या वेळी खरंच नाही.

हेट्टी

*

स्प्रिंगफील्ड
२६ ऑक्टोबर

प्रिय हेट्टी,

“ये” असं एका कागदावर लिहिलं. एकच अक्षर. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, आणि तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. कामावर, बाजारात, परत घरी. पेटीसमोर दोनदा उभी राहिले.

तुला एक सांगायचं राहिलंय. मी मार्चमध्येच घर बदललं. पत्ता तोच, वरच्या मजल्यावरचं मोठं घर घेतलं, एक खोली जास्तीची. तिथे पलंग आहे, निळे पडदे आहेत. तू जुलैत मला भेटायला येण्याऐवजी मी तुझ्याकडे आले ते याच्यासाठीच, तुला ती खोली दिसू नये म्हणून. तू शब्द दिलास “काही बिनसलं तर”, आणि मी त्या दिवसापासून काहीतरी बिनसायची वाट बघत बसले. नासकं दूध दिसलं तेव्हा मी घाबरले हे खरं. पण घाबरण्याच्या खाली एक बारीकसा आनंदही होता, हेट्टी. आता येईल. मी तुझ्यात आजार शोधत होते, कारण मला संध्याकाळी जेवायला समोर कुणीतरी हवं होतं. तू माझ्यापासून एक गोष्ट लपवलीस. मी तुझ्यापासून ही लपवली. तुझी जास्त धोक्याची असेल, पण माझी जास्त ओंगळ आहे.

म्हणून त्या शब्दावर मी तुला बांधून घेऊ शकत नाही. जी बाई बिनसण्याची वाट बघत होती तिने बिनसलं की नाही हे ठरवू नये.

नळ्यांची लाव. पण तुझा पलंग खाली आण, शेगडीच्या खोलीत. रात्री जिना उतरायचा नाही. याच्यावर वाद नको, याच्यावर मी खरंच रडेन. आणि दर रविवारी मला लिही. काय चांगलं चाललंय ते नको, ते मला कळतं, तेव्हा तुझं अक्षर मोठं येतं. जे सांगावंसं वाटणार नाही ते लिही.

तो “ये” आत्ताच फाडला. तिकीट मात्र काढून घेतलं, ते या पाकिटावर लावलंय.

लोई

*

पार्सन हिल
८ डिसेंबर

प्रिय लोई,

पलंग खाली आणला. डेल्बर्ट आणि फिच दोघांनी आणला. म्हणजे डेल्बर्टने आणला आणि फिच जिन्यावर बसून हुकूम सोडत होते.

नळ्यांची चांगली जळते. अकराला भरते, पाचच्या सुमाराला पुन्हा. मिसेस थेअर दुकानात भेटल्या, बाळाचा खोकला गेला म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. नाक तसंच आहे. नॉर्क्रॉस म्हणतात, फेब्रुवारीपर्यंत बघू, पण तोंडावरून ते काही बघत नाहीयेत असं वाटलं.

आता तू मागितलेलं.

काल मी पाचला उठले नाही. जाग आली होती. गुडघा सुजलाय, चार दिवसांपासून, हेही सांगितलं नव्हतं. मी पडल्या पडल्या काचेकडे बघितलं, निखारे लाल होते, म्हटलं, टिकतील. डोळा लागला. सात वाजता उठले तर शेगडी गार. राखेत बोट घालून बघितलं, तीही गार. नळाखालच्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. कोट घालून, हातमोजे घालून पुन्हा पेटवायला बसले. पहिल्यांदा पेटेना. दुसऱ्यांदा पेटलं, पण मी घाईत हवेचं कवाड बंदच ठेवलं होतं, आणि धूर खोलीत आला. मला कळलं नाही. घंटा वाजली तेव्हा कळलं. खिडक्या उघडल्या, म्हणजे जी काही ऊब होती तीही गेली. घर गरम व्हायला दुपार झाली. मधे एकदा मी पलंगावर बसून रडले, पाचेक मिनिटं, मग लाकूड आणायला गेले.

हे कुणी बघितलं नाही. मी लिहिलं नसतं तर तुला कधी कळलंही नसतं. काल रात्री दोनदा ठरवलं की नाही लिहायचं.

तुला वाचून काळजी वाटेल, लोई. वाटू दे.

तुझी,
हेट्टी